‘ऑल्दो’नंतरचा ‘बट’

दहावीला इंग्रजी शिकवशील का, असं मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा मी सांगायला हवं होतं की सर, माझे विषय मराठी आणि इतिहास. मी म्हटलं, "हो सर, घेईन ना."

इंग्रजीचे सर जूनमध्ये निवृत्त झाले होते. त्यांच्या जागेवर कोणी येत नव्हतं आणि मी शिक्षणसेवक होते. शिक्षणसेवकाची तीन वर्षं ज्यांनी काढली त्यांना ठाऊक आहे, त्या काळात तोंडातून ‘नाही’ हा शब्द निघत नाही. माझं तिसरं वर्ष सुरू होतं.

शाळा सेलू तालुक्यात, बोरच्या जंगलाच्या अलीकडच्या एका गावात. मी वर्ध्याजवळच्या नालवाडीहून स्कूटीने जायची. माझं स्वतःचं शिक्षण पुलगावला मराठी शाळेत झालेलं. वडील तिथल्या कापड गिरणीत होते. आमच्या घरात इंग्रजी पेपर कधी आला नाही, आणि वर्गात इंग्रजीचे गुरुजी धडा आधी मराठीत सांगत, मग इंग्रजीत वाचत. मला इंग्रजीत बऱ्यापैकी मार्क पडायचे. मार्क पडतात म्हणजे येतं, असं मी धरून चालले होते. पुढे बी.एड.ला, मुलाखतीला, कुठेही त्याची परीक्षा झाली नाही. झाली ती एकदम वर्गात, आणि घेणारी होती पंधरा वर्षांची मुलगी.

बोर्डाच्या पेपरात वाक्यं जोडायचा प्रश्न असतो. दोन वाक्यं देतात आणि कंसात एक शब्द. त्या शब्दाने दोन्हीचं एक करायचं. मुलांना हा प्रश्न आवडतो. पाठ्यपुस्तक उघडावं लागत नाही, युक्ती कळली की मार्क आपले. मी फळ्यावर लिहिलं, ‘ही वॉज इल. ही केम टू स्कूल.’ तो आजारी होता. तो शाळेत आला. मग मागे वळून विचारलं, "मराठीत हे कसं जोडाल?"

सगळा वर्ग ओरडला, "जरी तो आजारी होता तरी तो शाळेत आला!"

"जरी आला की पाठोपाठ काय येतं?"

"तरी!"

"तसंच इंग्रजीत. ऑल्दो आला की पाठोपाठ बट. जरी-तरी, ऑल्दो-बट. ही जोडी कधी तोडायची नाही."

पुलगावच्या गुरुजींनी मला हे असंच शिकवलं होतं, त्याच शब्दांत. मुलांनी तालात म्हणून पाहिलं. त्याच वेळी मुख्याध्यापक व्हरांड्यातून जात होते. ते दारात थांबले, हसले आणि म्हणाले, "वा! इंग्रजी असं मातृभाषेतून शिकवलं पाहिजे." त्या दिवशी मी स्कूटीवर गुणगुणत घरी गेले. हे सांगतानाही आता कानशिलं गरम होतात, पण त्या आनंदाबद्दल सांगितलं नाही तर पुढचं समजणार नाही.

ती मुलगी खिडकीकडच्या दुसऱ्या बाकावर बसायची. गावापासून जंगलाकडे गोंडांची दहाबारा घरं आहेत, तिथून चालत यायची. वडील वनखात्याच्या कामावर रोजाने जायचे, आई कापूस वेचायला. घरी ती गोंडी बोलायची, मैत्रिणींशी वऱ्हाडी, आमच्याशी पुस्तकातली मराठी बोलायचा प्रयत्न करायची आणि मध्येच घसरायची. इंग्रजी ही तिची चौथी भाषा. मला हे तेव्हा कधी मोजावंसं वाटलं नाही. माझ्या लेखी ती फक्त ‘प्रश्न विचारणारी’ होती. प्रश्न विचारणारी मुलं चांगली, असं बी.एड.ला लिहून मी मार्क मिळवले होते. वर्गात मात्र तिचा हात वर गेला की मी घड्याळाकडे बघायची. इतिहासाच्या तासाला नाही बघायची. इंग्रजीच्याच तासाला.

डिसेंबरात चाचणीचे पेपर तपासून मी वर्गात वाटले. त्यात एक प्रश्न ऑल्दोचा होता. सगळ्यांनी बट लिहिलं होतं, एकटीने नाही. तिने नुसतं लिहिलं होतं, ‘ऑल्दो शी वॉज टायर्ड, शी फिनिश्ड द वर्क.’ मी लाल पेनाने मध्ये बट घातला, खाली रेघ ओढली आणि शून्य दिलं.

पेपर हातात घेऊन ती बाकावरून उठली. दुसऱ्या हातात एक जाड पुस्तक होतं, जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलेलं.

"मॅडम, याच्यात बट नाई लिवला."

"कशात?"

"या पुस्तकात. सात वाक्यं हायेत ऑल्दोचे. एकात बी बट नाई." तिने मध्ये बोट घालून पान धरून ठेवलं होतं. ते उघडून तिने माझ्यापुढे केलं.

मी पान पाहिलं. पाहिलं म्हणजे डोळ्यांपुढे होतं, वाचलं नाही. मला फक्त एवढं दिसत होतं की चाळीस मुलं माझ्याकडे बघताहेत. मी विचारलं, "कुठून आणलंस हे पुस्तक?"

तो प्रश्न मी का विचारला ते मला माहीत आहे. मला वेळ हवा होता. ती बिचारी सरळ सांगत गेली.

"माह्या मावशीनं देल्लं मॅडम. ते सावंगीले पोरींच्या हॉस्टेलात झाडते. पोरी शिकून गेल्या का पुस्तकं टाकून जातात. मावशीनं माह्यासाठी उचलून ठेवलतं."

आणि मी म्हणाले, "म्हणजे आता सावंगीच्या कचऱ्यातून आलेलं इंग्रजी तू मला शिकवणार?"

वर्ग हसला. चाळीस जण एकदम हसतात तेव्हा तो आवाज लहान नसतो. मीही थोडी हसले, विनोद केल्यासारखी. तिने पुस्तक मिटलं. कव्हरचा एक कोपरा सुटला होता, तो तिने अंगठ्याने दाबून बसवला.

"बस खाली. बोर्डाच्या पेपरला हे पुस्तक नाही येणार, मी शिकवलेलं येणार."

"हो मॅडम," ती म्हणाली आणि बसली.

मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये डबा उघडला, पण आधी मोबाइल काढला. मला खात्री करून घ्यायची होती असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर खात्री तिचं पान समोर आलं तेव्हाच झाली होती. मोबाइलवर चार ठिकाणी पाहिलं. चारही ठिकाणी तेच. ऑल्दो असेल तर बट नको, बट असेल तर ऑल्दो नको. दोन वाक्यं जोडायला इंग्रजीत एकच शब्द पुरतो. एका ठिकाणी तर लिहिलं होतं की ज्यांच्या मातृभाषेत असे दोन शब्द जोडीने येतात ते लोक ही चूक हमखास करतात. मी तेवढं वाचून मोबाइल उपडा ठेवला. शेजारी गणिताच्या मॅडम बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय झालं? भाजी नाही घेतली?" मी म्हटलं, "काही नाही, ॲसिडिटी."

त्या दिवशी दुपारून दहावीवर माझा पुन्हा तास होता. उठून दोन मिनिटांत सांगता आलं असतं. मुलांनो, मी चुकले, हिचं बरोबर आहे. मी वर्गात गेले आणि इतिहासाचा धडा उघडला. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता मुद्दाम विषय काढला तर जास्त दिसेल. तिसऱ्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष शाळेत आले, माझी फाइल त्यांच्याकडे जायची होती. आठवड्याने मी स्वतःला पटवलं की यंदा बोर्डाला ऑल्दो येणारच नाही.

त्या मुलीने त्यानंतर इंग्रजीच्या तासाला हात वर केला नाही. मी तिला एकदोनदा मुद्दाम सोपा प्रश्न विचारला, लाडाने. तिने उभं राहून उत्तर दिलं आणि बसली. तिच्या वागण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

जानेवारीत पूर्वपरीक्षा झाली. पेपर बाहेरून छापून आला होता, आणि त्यात ऑल्दो होता. मी घरी जेवणाच्या टेबलावर गठ्ठा घेऊन बसले. एकामागून एक पेपर, सगळीकडे बट. तो प्रश्न आला की मी डोळे बारीक करून बरोबरची खूण करायची आणि पुढचं पान उलटायची. चूक द्यावी तर कशी देणार, मीच शिकवलेलं. मग तिचा पेपर आला. तिने आधी वाक्य नीट लिहिलं होतं, बटशिवाय. मग त्यावर पट्टीने एक सरळ रेघ मारून ते खोडलं होतं, आणि खाली स्वच्छ अक्षरात पुन्हा सगळं वाक्य, मध्ये बट घालून.

मी त्या खालच्या वाक्याला पूर्ण मार्क दिले.

नवरा शेजारी बसून भाजी निवडत होता. त्याने विचारलं, "काय बघतेस इतका वेळ एका पेपरात?" मी त्याला सांगितलं नाही. डिसेंबरातलंही सांगितलं नव्हतं. त्या रविवारी तिच्या घरी जायचं, असं मात्र तिथेच ठरवलं. घरी जाऊन, आईवडिलांसमोर, नीट शब्दांत सांगायचं. वर्गात सांगायची हिंमत नव्हती म्हणून हा मार्ग मी काढला होता, हे तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नाही.

रविवारी सकाळी निघाले. गावापर्यंत डांबरी, पुढे खडीचा रस्ता. वस्तीच्या तोंडाशी स्कूटी लावली तोवर एका पोराने ओरडून सगळ्यांना सांगितलं होतं की शाळेतल्या मॅडम आल्या. तिची आई पदराला हात पुसत धावत आली. शेजारच्या घरातून प्लॅस्टिकची खुर्ची आणली, ती ओल्या फडक्याने पुसली. मी म्हणत होते की मी खाली बसते, पण त्यांनी ऐकलं नाही. मी खुर्चीवर आणि घरचे सगळे खाली, सारवलेल्या अंगणात.

वडील जाळरेषा काढायच्या कामावर जंगलात गेले होते. उन्हाळ्याच्या आधी वणवा अडवायला गवताचे पट्टे साफ करतात, ते काम रविवारीही चालू होतं. मुलगी आत चहा ठेवत होती. आई म्हणाली, "मॅडम, पोरीनं काई केलं का?"

"नाही हो. हुशार आहे ती. मी सहज आले."

"तुम्ही घरी आल्या, आमाले लय बरं वाटलं. आजवर कोनी गुरुजी, मॅडम इथलोक आलेच नाई." मग ती जरा पुढे सरकली आणि आवाज खाली करून म्हणाली, "ते पुस्तकाचं तुम्ही बरं सांगतलं मॅडम."

"कोणतं पुस्तक?"

"माह्या बहिनीनं देल्लं ते. दिवसभर त्याच्यातच तोंड घालून राहे. तुम्ही म्हनल्या का ते चुकीचं हाय. मंग मीनं म्हनलं, चुकीचं पुस्तक घरात ठेवून काय करतं? पोरगी चुकीचंच शिकन. आंघोळीच्या पान्याखाली लावून देल्लं."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिला वाटलं मला नीट कळलं नाही, म्हणून तिने हाताने अंगणातल्या चुलीकडे दाखवलं. चुलीवर आता मोठ्या गंजात तुरीच्या शेंगा उकडत होत्या.

बोलायची ती वेळ होती. वाक्य मी घरून तयार करून आणलं होतं: ताई, पुस्तक बरोबर होतं, चुकले मी. सात शब्दही नाहीत. तेवढ्यात मुलगी चहा घेऊन बाहेर आली, कप बशीत ठेवून माझ्या हातात दिला, आणि आई मोठ्या अभिमानाने म्हणाली, "आता तुमी सांगता तसंच करते ते." मी चहाचा घोट घेतला. चांगला झालाय म्हटलं. मग पेपर कसा सोडवायचा, वेळ कसा लावायचा, कोणता प्रश्न आधी घ्यायचा, यावर मी बराच वेळ बोलत राहिले. त्या दोघी मान हलवत ऐकत होत्या. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटत होता.

निघताना आईने गरम शेंगा पिशवीत भरून दिल्या. मुलगी स्कूटीपर्यंत सोडायला आली. आता आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "ते जरी-तरीचं..."

"हो मॅडम," ती लगेच म्हणाली, "आता मी बट टाकून राह्यली. भुलत नाई."

मी म्हटलं, "शाबास."

त्या दिवसांतलं बाकी बरंच विसरले, पण हा शब्द आठवला की अजूनही चालता चालता पाय थबकतात. माफी मागायला गेलेली बाई शाबासकी देऊन आली. अर्ध्या रस्त्यात स्कूटी बाजूला घेऊन मी थोडा वेळ उभी राहिले. परत जाऊ का, असं खरोखर वाटलं. मग समोरून गावातले कोणीतरी ओळखीचे आले, "काऊन मॅडम, पेट्रोल संपलं का?" म्हणाले, आणि मी स्कूटी सुरू केली. शेंगा घरी सगळ्यांनी खाल्ल्या. मी दोनचार सोलल्या, त्या वाटीत तशाच राहिल्या.

बोर्डाच्या परीक्षेआधी दहावीचा निरोप समारंभ झाला. त्याच्या आदल्या दिवशी माझा शेवटचा तास होता. तोवर मला एक गोष्ट सहन होईनाशी झाली होती: चाळीस मुलं बोर्डात जाऊन माझी चूक लिहून येणार. पेपर तपासणारा कुठल्यातरी दुसऱ्या गावचा शिक्षक असेल, एकाच शाळेच्या गठ्ठ्यात ओळीने एकच चूक बघेल आणि म्हणेल, यांना शिकवतंय कोण? खरं सांगायचं तर मुलांच्या मार्कांपेक्षा मला त्या न पाहिलेल्या माणसाची भीती जास्त होती.

मी फळ्यावर ऑल्दोचं वाक्य लिहिलं, बटशिवाय. आणि वळून म्हणाले, "लक्ष द्या. बोर्डाने नियम बदललाय. यंदापासून ऑल्दोनंतर बट लिहायचा नाही. नुसता स्वल्पविराम द्यायचा."

मुलांनी वह्या काढल्या. कोणी विचारलं नाही की इंग्रजी भाषेचा नियम बोर्ड कसा बदलतं. एकाने एवढंच विचारलं, "मॅडम, बट लिवला तं मार्क कापतीन का?" मी म्हटलं, "हो, कापतील." सगळे माना खाली घालून लिहायला लागले.

तिने मात्र वही उघडली नव्हती. ती फळ्याकडे बघत होती. मग दोन महिन्यांनी पहिल्यांदा तिचा हात वर गेला.

"मॅडम, म्हणजे ते पुस्तक पहिलेच नव्या नियमाचं होतं का?"

तिच्या आवाजात टोमणा होता की नाही हे मी पुढे कितीदा तरी आठवून पाहिलं. चेहरा अगदी साधा होता. मी म्हटलं, "हो. तसंच असेल."

"बरं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी समारंभात मुलींनी रडून घेतलं, मला एक पेन आणि गुलाबाचं फूल दिलं. भाषणात एका मुलाने माझ्या शिकवण्याचं कौतुक करताना ‘जरी-तरी, ऑल्दो-बट’ तालात म्हणून दाखवलं आणि मग जीभ चावून म्हणाला, "म्हणजे जुना नियम." सगळे हसले. मुख्याध्यापक माझ्याकडे बघून कौतुकाने हसले. त्यांना तरी ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

निकाल लागला, ती चांगल्या मार्कांनी पास झाली. इंग्रजीतही. मार्कशीट घ्यायला आली तेव्हा मी रजेवर होते. ती रजा मी ठरवून घेतली होती. माझी फाइल मंजूर झाली, नोकरी कायम झाली. पुढल्या वर्षापासून मी इंग्रजीची तयारी नीट करून वर्गात जायला लागले, रोज, पुस्तक समोर ठेवून. ऑल्दोचा धडा आला की पहिल्याच वाक्यात सांगते की इथे बट येत नाही. पण या चुकीत मी स्वतः काय केलं होतं ते कुठल्याच वर्गाला सांगितलेलं नाही.

मध्ये तीन वर्षं गेली. गेल्या थंडीत मी नालवाडीच्या बाहेरच्या रस्त्याने सकाळी फिरायला जात होते. त्या रस्त्यावर भरतीची तयारी करणाऱ्या मुली धावतात. एके दिवशी त्यांच्यातली एक मला ओलांडून पुढे गेली, थांबली आणि मागे आली. अंगात ट्रॅकसूट, केस आखूड कापलेले.

"मॅडम, ओळखलं का?"

आवाजावरून ओळखलं. वर्ध्याला मुलींच्या वसतिगृहात राहत होती, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि वनरक्षकाच्या भरतीसाठी पळत होती. "बाबा ज्या साहेबाच्या हाताखाली गवत कापत होते ना मॅडम, त्या साहेबाच्या हाताखालचीच पोस्ट हाय," म्हणाली आणि हसली. मी चौकशी केली, आई कशी आहे, वडील कसे आहेत. ती निघायला वळली तेव्हा मी म्हटलं, "थांब."

आणि मग एका दमात बोलले. त्या वेळी मी चुकले होते, तुझं बरोबर होतं. मला त्याच दिवशी दुपारी कळलं होतं. नियमबियम काही बदलला नव्हता, मी खोटं बोलले. तुझ्या घरी आले होते ते हेच सांगायला, आणि सांगितलं नाही.

ती धापा टाकत ऐकत होती. मग म्हणाली, "मले त्याच हप्त्यात मालूम पडलं होतं, मॅडम. मावशीले फोन लावून मी हॉस्टेलातल्या एका ताईले विचारलं होतं."

तोंडातून एकदम माझी पुलगावची घरची भाषा निघाली. "मंग प्रीलिमले खोडून बट काऊन लिवला वं?"

"पेपर तुम्ही तपासणार होत्या ना."

"अन् बोर्डाले?"

"बोर्डाले तं तुम्ही नव्हत्या," ती म्हणाली. तिने हे उद्धटपणे म्हटलं नाही. प्रश्नाचं उत्तर द्यावं तसं दिलं.

मी म्हटलं, "चुकलंच माझं. मला माफ कर."

"त्याचं काई नाई मॅडम. ऑल्दोचं म्हणता तं ते कोणाचं बी चुकते. माह्यंही चुकते." ती बुटाच्या नाडीकडे बघत होती. "पण तुम्ही कचरा म्हणल्या."

तिने वाकून नाडी घट्ट केली.

"मावशीले वाचता येत नाई. पोरी खोली सोडून गेल्या का लय सामान पडून राह्यते. त्याच्यातून ते पुस्तकं निवडे. ज्याच्यात चित्र नाई अन् जे जाड हाय, ते अभ्यासाचं, असा तिचा हिसाब. दोनतीन महिने जमा करून एकदा गावाले येई, पिशवीत बांधून. अजून बी विचारते मले, माह्या पुस्तकानं काई फायदा झाला का? मी म्हणतो, झाला. जाळलं म्हणून सांगतलं नाई. तुम्ही काय म्हणल्या ते बी नाई सांगतलं."

इतकी वर्षं मी एका शब्दाची लाज बाळगून होते, आणि तो शब्द बट होता. रात्रंदिवस त्याचाच हिशेब करत आले होते. आता माझ्या लक्षात आलं की तिने तो केव्हाच सोडून दिला होता. तिच्या मनात राहिलं होतं ते वेगळंच काहीतरी, आणि ते मला आठवत होतं तरी मी त्याला चूक धरलंच नव्हतं. रागाच्या भरात बोललेलं, असं म्हणून बाजूला टाकून दिलं होतं.

"मी मावशींना भेटते," मी म्हटलं. "सावंगी काय लांब आहे? मी जाऊन माफी मागते."

"नका मॅडम." ती पहिल्यांदाच पटकन बोलली. "तिले काईच मालूम नाई. तुम्ही जाऊन माफी मांगसान तं तिले मालूम पडन."

पुढून त्यांच्या प्रशिक्षकाची शिट्टी वाजली. ती म्हणाली, "येतो मॅडम," आणि पळत सुटली. बघता बघता घोळक्यात मिसळली. मी तिथूनच घराकडे वळले. त्या दिवशी फिरणं पुरं केलं नाही.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं, अगदी डिसेंबरातल्या चाचणीपासून. तो बराच वेळ ऐकत होता. शेवटी म्हणाला, "एवढं मनाला लावून नको घेऊ. आता ती बरी आहे ना?" मी म्हटलं, "हो, बरी आहे." ती बरी आहे यात माझा काही वाटा नव्हता, एवढं वाक्य मात्र मी गिळलं.

मागच्या महिन्यात सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं म्हणून सावंगीच्या मेडिकल कॉलेजला गेले होते. दवाखान्याचे लांबच लांब व्हरांडे, पांढऱ्या एप्रनमधल्या मुली पुस्तकं छातीशी धरून घाईघाईने चाललेल्या. सासूबाईंना आत नेलं आणि मी बाकावर बसून राहिले. गणवेशाची साडी नेसलेल्या बाया फरशी पुसत होत्या. मावशी इथे नाही, हॉस्टेलात काम करते, हे मला माहीत होतं. तरी मी प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत होते. मला तिचं नाव माहीत नाही, चेहरा माहीत नाही. ती अजून कामावर आहे की नाही हेही मी विचारलं नव्हतं.

एक पन्नाशीची बाई पोछा मारत माझ्या बाकापर्यंत आली. "बाई, पाय वर घ्या जरा," म्हणाली. मी दोन्ही पाय वर उचलून धरले. तिने बाकाखालून पुसून घेतलं आणि म्हणाली, "झालं. वाळू द्या आता." मी मान हलवली. ती बादली घेऊन पुढच्या बाकाकडे गेली.